डॉक्टर बदलताना औषधांचे काय?

डॉक्टर बदलणे हा आता अपवाद राहिलेला नाही. तज्ज्ञ निवृत्त होतात, एक रुग्णालय सोडून दुसऱ्यात रुजू होतात, परदेशी जातात. रुग्णांचेही पत्ते बदलतात. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली की कुटुंब बदलापूरला राहायला जाते, साताऱ्या-सांगलीचे आईवडील मुलाकडे पुण्याला येतात, नागपूरची लेक नोकरीनिमित्त ठाण्यात स्थिरावते. नवा डॉक्टर शोधताना घरोघरी बरीच चौकशी होते. पदव्या पाहिल्या जातात, शेजाऱ्यांचे अनुभव ऐकले जातात, फी विचारली जाते. एक प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या पट्टीत चार गोळ्या उरल्यावरच आठवतो : रोजची औषधे आता लिहून कोण देणार?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, अपस्मार, संधिवात, मनोविकार अशा दीर्घकाळच्या आजारांत हा प्रश्न किरकोळ नाही. जुन्या तज्ज्ञाची जबाबदारी संपली आणि नव्याची अजून सुरू झालेली नाही, असा काही आठवड्यांचा काळ जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येतो. नव्या तज्ज्ञाची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते आणि घरातली गोळी दहा दिवसांत संपणार असते. हा मधला काळ कोणाच्याच खात्यावर नसतो. धोका नेमका तिथेच असतो.

चिठ्ठी म्हणजे कायमचा परवाना नव्हे

औषधांच्या विक्रीवर देशभर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांचे नियंत्रण आहे. ‘अनुसूची एच’ मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि मनोविकार यांवरची रोजच्या वापरातली बहुतेक औषधे या अनुसूचीत मोडतात. चिठ्ठी कशी असावी हे ६५ व्या नियमात सांगितले आहे. ती लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता हवा आणि औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा हवी. याच नियमात पुढे एक तरतूद आहे, तिची कल्पना फारच थोड्या रुग्णांना असते. चिठ्ठीवर डॉक्टरने तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने द्यावे हे लिहिलेले असेल, तर तेवढ्याच वेळा आणि त्याच अंतराने. औषध दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवणे हेही विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

प्रत्यक्षात काय घडते हे सर्वांना ठाऊक आहे. घराजवळचा केमिस्ट दहा वर्षे तीच मळकी, घडीवर फाटलेली चिठ्ठी पाहून, कित्येकदा न पाहताही, महिन्याची औषधे पिशवीत भरून देतो. त्याला काकांचा रक्तदाब माहीत असतो आणि काकूंची थायरॉइडची गोळीही. व्यवहार नियमावर नव्हे, ओळखीवर चाललेला असतो. घर बदलले की ही ओळख संपते. नव्या वस्तीतला विक्रेता चिठ्ठीची तारीख पाहतो, आधीच्या दुकानाचा शिक्का पाहतो आणि नवी चिठ्ठी मागतो. ग्राहकाला तो आडमुठा वाटतो. वास्तविक तो नियमाने वागत असतो. चुकत होता तो जुना, प्रेमळ विक्रेता.

काही औषधांच्या बाबतीत बंधन याहून कडक आहे. १ मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ अमलात आली. क्षयरोगावरची अनेक औषधे व नव्या पिढीतील प्रतिजैविके यांच्याबरोबरच अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही शांत झोपेची वा चिंताशामक औषधे आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक तिच्यात आहे. या औषधांच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह लाल रंगात असते आणि सूचना लाल चौकटीत छापलेली असते. विक्रेत्याला डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्यामुळे आईची झोपेची गोळी दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मिळावी ही अपेक्षा नव्या दुकानात सहसा पुरी होत नाही. ‘अनुसूची एक्स’ तर आणखी वेगळी. एकाग्रतेच्या विकारासाठी मुलांना दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे तिच्यातले एक औषध. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो आणि ते विकण्याचा परवाना मोजक्याच दुकानांकडे असतो. अशा मुलाच्या पालकांनी गाव बदलण्यापूर्वी नव्या शहरातले डॉक्टर आणि दुकान दोन्ही शोधून ठेवणे आवश्यक आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांचेही तसेच. ते मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळते, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही.

कोणत्या औषधात खंड चालत नाही

सर्वच औषधे सारख्या निकडीची नसतात. हा फरक घरच्यांना माहीत असला तर मधल्या आठवड्यांत कशासाठी धावपळ करायची आणि कशासाठी नाही हे ठरवता येते. दुर्दैवाने बारा गोळ्यांच्या यादीत कोणती गोळी जिवाशी निगडित आहे हे रुग्णाला सांगण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

अपस्माराची औषधे या यादीत अगदी वर येतात. व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन, लेव्हेटिरासेटाम यांसारखी औषधे अचानक थांबली तर वर्षानुवर्षे न आलेला झटका येऊ शकतो, आणि एकामागून एक झटके येत राहण्याची जीवघेणी अवस्थाही उद्भवू शकते. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवल्यानंतर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिले जाणारे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर हे दुसरे उदाहरण. आजाराच्या स्वरूपानुसार ते साधारण सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ घ्यावे लागते. ते मुदतीपूर्वी बंद पडल्यास स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी होऊ शकते. छातीत काही दुखत नाही, चालताना दम लागत नाही, म्हणून ‘डॉक्टर भेटेपर्यंत राहू दे’ असे म्हणण्याचा मोह इथे सर्वांत घातक ठरतो.

कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांची अ‍ॅसिनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन ही औषधे आणखी नाजूक. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी वरचेवर करावी लागते. तिची पातळी सर्वसाधारणपणे २ ते ३ आणि काही झडपांसाठी त्याहून थोडी अधिक ठेवली जाते. अशा रुग्णाने नव्या डॉक्टरकडे जाताना चालू मात्रेबरोबर आधीच्या काही महिन्यांतील आयएनआरचे आकडे नेणे फार उपयोगी पडते. नुसता आजचा आकडा म्हणजे चालत्या गाडीचे एक छायाचित्र. गाडी कोणत्या दिशेला जात आहे हे त्यावरून कळत नाही.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही ‘बीटा ब्लॉकर’ गटातील औषधे एकाएकी थांबवल्यास हृदयाचे ठोके व रक्तदाब उसळून हृदयविकाराचा त्रास बळावू शकतो. क्लोनिडीनचेही तसेच. तीन आठवड्यांहून अधिक काळ प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीरातील स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. औषध अचानक तुटले तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, ग्लानी अशी गंभीर स्थिती येते. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही टळू शकत नाही. पार्किन्सनचे लेव्होडोपा, मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस, नैराश्यावरील औषधे, लिथियम, नियमित घेतल्या जाणाऱ्या चिंताशामक गोळ्या, या सर्वांना हाच नियम लागू आहे. काचबिंदूचे थेंब मात्र सहज विसरले जातात, कारण ते बंद झाल्याने काही दुखत नाही. दृष्टीची हानी मुकाट्याने होते आणि झालेली हानी भरून येत नाही.

याउलट आठवड्यातून एकदा घ्यायचे ‘ड’ जीवनसत्त्व दोन आठवडे उशिरा घेतले तर फारसे बिघडत नाही. थायरॉइडवरील थायरॉक्सिन शरीरात रेंगाळते, रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. दोन-तीन दिवसांच्या खंडाने लगेच संकट येत नाही. (गर्भवतींनी ही सवलत मुळीच घेऊ नये.) हे सांगण्याचा हेतू औषध टाळण्याची मुभा देणे हा नव्हे. रात्री अकराला कोणत्या गोळीसाठी चोवीस तास उघडे दुकान शोधायचे आणि कोणती सकाळी आणली तरी चालेल, एवढेच यावरून ठरवावे.

जुन्या डॉक्टरची शेवटची भेट

डॉक्टर बदलण्याच्या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाची भेट नव्या डॉक्टरची पहिली नसून जुन्या डॉक्टरची शेवटची असते. संकोचापोटी बहुतेक जण ती टाळतात. ‘तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे जातो’ असे तोंडावर कसे सांगायचे, हा आपला भिडस्त स्वभाव. परंतु बदलीचे कारण घर लांब गेले हे असो वा समाधान झाले नाही हे असो, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा रुग्णाचा मान्य हक्क आहे. बहुतेक तज्ज्ञ यात रागावण्यासारखे काही मानत नाहीत. भेट शक्यच नसेल तर त्यांच्या दवाखान्यातील सहायकाकरवी निरोप देऊनही काम होते.

या भेटीत दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, पुढच्या दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी, आणि तिच्यावर ‘दरमहा, तीन वेळा द्यावे’ अशा अर्थाची स्पष्ट ओळ. वर सांगितलेल्या ६५ व्या नियमानुसार हीच ओळ नव्या गावातल्या अनोळखी दुकानात उपयोगी पडते. दुसरी, नव्या डॉक्टरसाठी एका पानाचे पत्र. त्यात निदान, आजार कधीपासून आहे, चालू औषधांची मूळ नावे व मात्रा आणि शेवटच्या महत्त्वाच्या तपासण्या तर असाव्यातच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्वी कोणती औषधे वापरून सोडून दिली आणि का, हे असावे. चालू औषधांची यादी रुग्णाच्या पिशवीत असतेच. एका गोळीने कोरडा खोकला येत होता, दुसरीने पायांना सूज आली, तिसरीने अंगावर पुरळ उठले, ही माहिती मात्र जुन्या डॉक्टरच्या डोक्यात किंवा त्याच्या कागदांत असते. ती सोबत गेली नाही तर नवा तज्ज्ञ तोच प्रयोग पुन्हा करतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

कागदपत्रे मिळवणे हा उपकार नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात. (२०२३ मध्ये या संहितेची जागा घेणारे नवे नियम प्रसिद्ध झाले, पण त्याच महिन्यात ते स्थगित करण्यात आले.) मनोविकाराच्या रुग्णांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील २५ व्या कलमाने आपल्या नोंदी पाहण्याचा स्वतंत्र हक्क दिला आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोचपावती घ्यावी. तीन वर्षांची मुदत लक्षात घेता जुन्या शस्त्रक्रियेचे कागद मागायला जितका उशीर, तितकी ते न मिळण्याची शक्यता अधिक.

बाह्यरुग्णांचे कागद मात्र आपल्याकडे पूर्वापार रुग्णाच्याच घरी असतात. कपाटावरची प्लास्टिकची पिशवी हेच भारतातील खरे अभिलेखागार आहे. तिची निगा राखण्यासंबंधी एक सूचना : हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, बहुधा ज्या कागदावर निघतो त्यावर शाई नसते, उष्णतेने उमटलेल्या रेषा काही वर्षांत फिकट होऊन कागद कोरा होतो. दहा वर्षांपूर्वीचा ‘नॉर्मल’ आलेख आजच्या आलेखाशी ताडून पाहण्यासाठी फार उपयोगी असतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ आकडी ‘आभा’ क्रमांकाला अहवाल जोडण्याची सोय आहे. परंतु जुना दवाखाना त्या व्यवस्थेत नसेल तर केवळ क्रमांक असून भागत नाही, पिशवी सांभाळावीच लागते.

मधला पूल

इतके करूनही औषध नव्या भेटीआधी संपणार असेल तर काय करावे? पहिला उपाय फॅमिली डॉक्टरचा. तो एमबीबीएस किंवा त्याहून अधिक शिकलेला, नोंदणीकृत असेल तर चालू औषध आणखी पंधरवडाभर लिहून देण्यास तो पात्र असतो. अनेक तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा तो एकटाच असतो, हेही विसरून चालत नाही. हृदयरोगतज्ज्ञ मनोविकाराची गोळी लिहून देत नाही आणि अस्थिरोगतज्ज्ञ इन्सुलिनला हात लावत नाही. यात त्यांची चूक नसते. रुग्णाला मात्र वाटते, की डॉक्टर तो डॉक्टर, सगळेच लिहून देईल. फॅमिली डॉक्टर ही संस्था शहरांतून आटत चालली आहे आणि तिची उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवते ती अशाच वेळी.

दुसरा उपाय दूरध्वनीवरील किंवा व्हिडिओवरील सल्ल्याचा. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटले नसतील, तर डॉक्टर दूरवरूनही चालू औषधे पुढे लिहून देऊ शकतो आणि सहीच्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा प्रत मोबाइलवर वा ई-मेलने पाठवू शकतो. डॉक्टर देशात कोठेही बसलेला असला तरी चालतो. साताऱ्याहून पुण्याला आलेल्यांनाच काय, मुलाकडे इंदूर-बडोद्याला गेलेल्यांनाही याचा लाभ घेता येतो. म्हणजे जुना तज्ज्ञ अगदी ‘जुना’ होण्यापूर्वी सहा महिन्यांची कायदेशीर खिडकी उघडी असते. अनुसूची एक्समधील आणि अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे मात्र या मार्गाने लिहिता येत नाहीत. मनोविकाराच्या काही गोळ्याही या दुसऱ्या गटात येतात, त्यामुळे त्यांच्याबाबत डॉक्टरला आधीच विचारलेले बरे.

तिसरा उपाय साधा आहे, पण योजला जात नाही. नव्या तज्ज्ञाची वेळ घेताना स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला ‘दाखवायचे आहे’ एवढेच न सांगता ‘स्टेंट बसवून चार महिने झाले आहेत, क्लोपिडोग्रेल बारा तारखेला संपते’ असे नाव आणि तारीख घेऊन सांगावे. पहिल्या वाक्याला तीन आठवड्यांनंतरचा नंबर मिळतो. दुसऱ्या वाक्याला बहुतेक ठिकाणी वाट काढली जाते. तेही न जमल्यास सरकारी वा महापालिका रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहेच. रांग लांब असते, पण चिठ्ठी त्याच दिवशी मिळते.

शेजाऱ्याची गोळी उसनी घेणे, मात्रा अर्धी करून पुरवणे, एक दिवसाआड घेणे, हे तीन घरगुती मार्ग सर्रास वापरले जातात. झटक्याच्या, झडपेच्या आणि स्टेंटच्या औषधांत यांतला एकही मार्ग सुरक्षित नाही.

येथे एका विसंगतीचा उल्लेख करणे भाग आहे. क्षयरोगाचा रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंद ‘निक्षय’ प्रणालीतून नव्या केंद्राकडे वर्ग करता येते. एआरटी केंद्रातून औषधे घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताचीही रीतसर बदली होते, कागद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे जातात आणि औषधाचा पुरवठा सुरू राहतो. म्हणजे अशी व्यवस्था आपल्याला उभारता येते, ती उभारलेलीही आहे. खासगी क्षेत्रात मात्र पैसे मोजूनही दोन तज्ज्ञांमधला टपालवाला रुग्णच असतो.

नवा डॉक्टर तेच का लिहीत नाही?

‘आधीचेच औषध चालू ठेवा, एवढेच तर सांगितले होते, त्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या लिहून दिल्या,’ ही तक्रार नेहमीची. तिच्यात कधी तथ्य असते. महिन्यापूर्वीचा सुस्पष्ट अहवाल हाती असताना तीच तपासणी पुन्हा करायला सांगितली, तर कारण विचारण्यात काहीच गैर नाही. पण चिठ्ठीवर सही करणारा डॉक्टर त्या औषधाची जबाबदारी स्वतःवर घेत असतो. तो नक्कलकार नसतो. मेटफॉर्मिन पुढे चालू ठेवायचे तर मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज कळत नाही. लिथियमची रक्तातील पातळी, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृताच्या चाचण्या, थायरॉइडचे टीएसएच यांची विचारणाही योग्यच. कधी तर नव्या नजरेनेच जुनी चूक सापडते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर गर्भावरील दुष्परिणामांमुळे दुसरा पर्याय सुचवणारा मेंदूविकारतज्ज्ञ आपले कामच करीत असतो.

खरी सावधगिरी बाळगायची ती चिठ्ठी हाती आल्यावर. आपल्याकडे एकाच औषधाची अक्षरशः डझनावारी व्यापारी नावे आहेत. नव्या डॉक्टरने वेगळ्या नावाने तेच औषध लिहिले आणि जुन्या पट्ट्या घरात शिल्लक असल्या, की रुग्ण दोन्ही घेत राहतो. जोडऔषधांत हा घोटाळा हमखास होतो. जुनी गोळी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांची एकत्रित असते, नवा डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिन वेगळे लिहितो. रुग्णाच्या लेखी ती ‘नवी गोळी’ असते आणि जुनी तर ‘नेहमीची’. दुप्पट मात्रेने पायांना सूज येते, उठताना अंधारी येते आणि वयामुळे असे होते म्हणून सोडून दिले जाते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, तेही सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये आचारसंहितेत झाली; तिचे पालन किती होते हे कोणतीही चिठ्ठी उघडून पाहावे. पट्टीवर मूळ नाव छापलेले असतेच, भले बारीक अक्षरांत का असेना. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ते वाचावे, नाहीतर विक्रेत्याकडून वाचून घ्यावे. विक्रेत्याने परस्पर एका नावाऐवजी दुसरे दिले तर तेही तपासावे. अनुसूची एच आणि एक्सच्या औषधांत अशी अदलाबदल करण्याची मुभा ६५ वा नियम त्याला देत नाही. जनऔषधी केंद्रातून स्वस्त औषध घ्यायचे असल्यास डॉक्टरकडूनच मूळ नावाने चिठ्ठी लिहून घ्यावी.

दोन औषधांबाबत नक्कल करतानाची चूक प्राणघातक ठरू शकते. संधिवात व सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. नव्या चिठ्ठीत किंवा नव्या गोळ्यांच्या डबीत ते चुकून ‘रोज’ झाले, तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात आणि रक्तपेशी घटतात. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, ‘दर रविवारी’ असा. दुसरे इन्सुलिन. भारतात बाटलीतले इन्सुलिन सामान्यतः एका मिलिलीटरला ४० युनिट असते, पेनमधले १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. नव्या डॉक्टरने बाटलीवरून पेनवर नेले आणि घरातल्या कोणी काटकसर म्हणून पेनच्या नळीतून जुन्या लाल सिरिंजमध्ये तेवढ्याच रेघांपर्यंत औषध ओढले, तर मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर जीवघेणी खाली जाऊ शकते.

नव्या डॉक्टरकडून बाहेर पडण्यापूर्वी जुन्या यादीतील प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बंद’ की ‘बदलून’ हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. न लिहिलेले औषध बंद केले आहे की लिहायचे राहिले आहे, हे घरी आल्यावर ठरवता येत नाही. बंद झालेल्या औषधांच्या उरलेल्या पट्ट्या रोजच्या डब्यातून बाहेर काढाव्यात. न कापलेल्या पट्ट्या काही दुकाने बिल दाखवल्यास परत घेतात. जुनी चिठ्ठी मात्र फेकू नये. तिच्यावर आडवी रेघ मारून ‘बंद’ असे तारखेसह लिहावे आणि ती फाईलमध्ये मागच्या बाजूला लावावी. चौथ्या-पाचव्या महिन्यात नवे औषध मानवले नाही तर डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.